आधी उतार मोजा, मग जेसीबी बोलवा

उताराच्या जमिनीवर घर बांधायचं ठरलं की आज कोकणात पहिला फोन जेसीबीवाल्याला जातो. इंजिनीअर, गवंडी ही मंडळी मागाहून येतात. तोवर डोंगराला उभा काप घेऊन, निघालेली माती पुढे लोटून मैदान तयार झालेलं असतं. नकाशा काढणाऱ्याच्या हाती सपाट जागा पडते आणि तो पनवेलच्या प्लॉटवर शोभेल असाच बंगला तिथेही काढून देतो. ही उलटी रीत आता थांबायला हवी. आधी जमिनीच्या पातळ्या मोजाव्यात, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते पाहावं, त्याप्रमाणे खोल्या मांडाव्यात आणि यंत्राला सगळ्यात शेवटी बोलवावं.

मी दापोली तालुक्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवते. समोच्च रेषा फळ्यावर काढून दाखवणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. सध्या आमच्या घरात त्या रेषांना भलतंच महत्त्व आलंय, कारण वडिलोपार्जित वरकस तुकड्यावर घर बांधायचं चाललंय. राहणार आई, भाऊ, वहिनी, त्यांची दोन मुलं आणि मी. जागा रस्त्याच्या खालच्या अंगाला आहे आणि पश्चिमेकडे पऱ्यापर्यंत उतरत जाते. पूर्वी तिथे नाचणी व्हायची. आता काजू, दोन आंबे आणि गवत.

सरकारी मोजणीचा नकाशा आमच्याकडे आहे. त्यावर हद्दी आहेत, क्षेत्रफळ आहे. उतार किती, हे मात्र त्यावरून कळत नाही. ते शोधायला लागली पाण्याने भरलेली पारदर्शक नळी आणि गावातले जुने गवंडीकाका. "बाई, तुमच्याकडचं तोंड अंगठ्यानं दाबून धरा. मी सांगितलं की सोडा," असं म्हणत ते दुसरं टोक घेऊन खाली उतरले. मग मधेच थांबून त्यांनी नळीला टिचक्या मारल्या. आत हवेचा बुडबुडा अडकला होता. तो राहिला तर दोन्ही टोकांचं पाणी सारख्या पातळीला येत नाही आणि पुढची सगळी मापं फसतात. बुडबुडा निघाला, पाणी स्थिरावलं, खुंटीवर खडूची रेघ पडली. रस्त्याकडच्या खुंटीपासून १२ मीटर खाली गेलं की जमीन २ मीटर उतरते. म्हणजे उतार १:६. या एका आकड्यावर आमचं सगळं घर उभं राहणार आहे.

हिशेब सोपा आहे. घर १२ मीटर लांब, १२ मीटर रुंद धरा. जागा पूर्ण खालच्या पातळीला आणायची तर १४४ घनमीटर माती काढावी लागते. १०० घनफुटांचा एक ब्रास. त्या मापाने सुमारे ५१ ब्रास. निम्मं कापून निम्म्यात भराव टाकला तर खोदाई ३६ घनमीटर, म्हणजे १३ ब्रासच्या आत. आणि घरच तीन पातळ्यांत उतरवलं, प्रत्येक पातळी ४ मीटरची आणि तिथल्या तिथे कापून तिथेच भरलेली, तर फक्त १२ घनमीटर, चार ब्रासपेक्षा थोडीच जास्त. डंपरच्या फेऱ्या वाचतात हा त्यातला लहान फायदा. मोठा फायदा असा की घराच्या मागे दोन मीटरची उभी, उघडी मातीची भिंत राहत नाही.

त्या उघड्या भिंतीची मला खरी भीती वाटते. आपल्याकडे वर जांभा असतो, सच्छिद्र आणि भोकाभोकांचा. पावसाचं पाणी त्यातून सहज खाली जातं. त्याच्या बुडाशी बऱ्याच ठिकाणी पांढरट-गुलाबी चिकणमाती असते. तिच्यात पाणी मुरत नाही, साचतं. माती भिजून जड होते, निसरडी होते. अशा ठिकाणी पायथ्याशी काप घेतला की वरच्या थराचा आधारच काढून घेतल्यासारखं होतं. एप्रिलमध्ये तो काप अगदी घट्ट दिसतो, जेसीबीच्या दातांचे ओरखडेसुद्धा स्पष्ट राहतात. जुलैमध्ये तोच काप ढासळतो. आमच्याच तालुक्यात एका नव्या घराच्या स्वयंपाकघराचं मागचं दार अशा मातीने बुजलेलं मी पाहिलंय. माणसं दुसऱ्या खोलीत होती म्हणून वाचली.

माळीण (२०१४), तळिये (२०२१), इर्शाळवाडी (२०२३) ही नावं मी इथे मुद्दाम वेगळी ठेवते. त्या दरडींची कारणं मोठी आणि गुंतागुंतीची होती. एखाद्या घराच्या खोदाईशी त्यांची गाठ मारणं त्या माणसांवर अन्याय होईल. मात्र कापलेला उतार पावसात कसा वागतो, याची उदाहरणं आपल्या रोजच्या वाटेवर आहेत. महामार्गाच्या चौपदरीकरणासाठी परशुराम घाट कापला आणि नंतरच्या पावसाळ्यांत तिथे दरडींमुळे वाहतूक बंद ठेवायची वेळ आली. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर धावू लागली. आजही पावसाळ्यात तिचं वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या हळू चालतात. कापांवर जाळ्या बसवल्या, उतार सौम्य केले, गस्त ठेवली, एवढं करूनही ही काळजी घ्यावीच लागते. ज्या कापाला रेल्वे इतकी जपते, तसाच काप आपण स्वयंपाकघराच्या मागे घेतो आणि पावसाळाभर त्याच्या पायथ्याशी झोपतो.

दुसरा धोका पुढच्या बाजूला, भरावात. ढकललेली माती वर्षानुवर्षं दबत राहते. पाया त्या भरावातच संपला असेल तर पुढची पडवी हळूहळू घरापासून सुटते आणि भिंतीला तिरकी भेग जाते. पाया खालच्या मूळ, घट्ट जमिनीपर्यंत गेलाच पाहिजे. भराव रोखायला बांधलेल्या सिमेंटच्या भिंतीला पाणी निघायला भोकं आणि मागे खडीचा थर हवा, नाहीतर मागे साचलेलं पाणीच ती भिंत ढकलून देतं. आपले जुने गडगे बिनचुन्याचे. त्यांच्या फटीफटींतून पाणी झिरपतं, म्हणून ते टिकले. गडग्यावर काँक्रीटचा लेप चढवून त्याला "पक्कं" करणारे लोक भेटले की मी त्यांना थांबवते.

आमच्या घराची मांडणी अशी ठरली आहे. वरची, रस्त्याला लागून असलेली पातळी आईची: ओटी, देवघर, स्वयंपाकघर, तिची खोली आणि न्हाणीघर. गॅसचा सिलिंडर, किराणा, डॉक्टर, पाहुणे, सगळे एकाच पातळीवर येतील. चार पायऱ्या उतरून माजघर, जिथे संध्याकाळी सगळे बसतील. आणखी चार पायऱ्यांवर झोपायच्या खोल्या, एक लहान न्हाणी आणि पश्चिमेची पडवी. सेप्टिक टाकी सर्वांत खाली, म्हणजे सांडपाणी आपसूक उतरतं. विहीर वरच्या कोपऱ्यात, टाकीपासून जितकी लांब ठेवता येईल तितकी.

या घरावर खरा आक्षेप पायऱ्यांचा आहे आणि तो मी हलका मानत नाही. आईचे गुडघे दुखतात. उद्या माझेही दुखतील. दोन पातळ्यांत ६७ सेंटिमीटरचा फरक आहे. १:१२ उताराचा रॅम्प करायचा तर ८ मीटर लांबी लागते, आणि घराची रुंदी १२ मीटर. माजघराच्या वरच्या भिंतीला धरून तो नीट बसतो. त्यात माजघराची एक मीटर जागा जाते. भावाला ती खटकली, वहिनीने आग्रह धरला, आणि ती बरोबर होती. खालच्या पातळीला मात्र रॅम्प नाही. म्हातारपणी जे लागतं ते सगळं वर असेल, तर खाली उतरणं ऐच्छिक राहतं. सपाट केलेल्या प्लॉटवर दुमजली बंगला बांधून बेडरूम वरच्या मजल्यावर नेणारे लोक दोन पातळ्यांच्या आठ पायऱ्यांना नाकं मुरडतात, हे मला समजत नाही.

छप्पर मात्र एकच, कौलारू, आडं उताराला आडवं. जमीन खाली जाते, छपराच्या दोन्ही कडा एकाच पातळीवर राहतात. रस्त्याकडे कड जमिनीपासून २.४ मीटरवर, तर खालच्या खोल्यांत तीच कड ३.७ मीटरवर. खालच्या खोल्या त्यामुळे उंच, हवेशीर होतात. पण इतक्या उंच कडेखालून पश्चिमेची झड थेट भिंतीवर येणार. म्हणून तिकडे पडवीचं वेगळं, बुटकं छप्पर. काकांनी हे कागद न बघता सांगितलं होतं. मला ते माप काढल्यावर पटलं.

पाण्याचं गणित याहून मोठं. दापोलीत वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. १४४ चौरस मीटर छपरावर ३००० मिलिमीटर म्हणजे ४ लाख ३२ हजार लिटर. आडं मधोमध असल्याने त्यातलं निम्मं पाणी रस्त्याच्या बाजूला, म्हणजे घराच्या वरच्या अंगाला पडणार आणि पुन्हा घराखाली शिरायला बघणार. सपाट प्लॉटचा नकाशा डोळ्यांपुढे असलेल्या माणसाला हे सुचत नाही. म्हणून वरच्या पन्हळीचं पाणी कडेने पावसाच्या पाण्याच्या वेगळ्या टाकीत, आणि ती भरली की दगडी चरातून पऱ्यात. रस्त्यावरून वाहत येणाऱ्या पाण्यासाठी घराच्या वर एक आडवा चर, जो घराला वळसा घालून दोन्ही बाजूंनी उतरेल. ओटीकडे येणारी वाट या चरावरून जाते, तिथे मोरी घालायची आहे.

यात नवीन काही नाही. आपल्या वाड्या डोंगराच्या अंगाने आडव्या पसरल्या, घराघराला जांभ्याच्या पाखाड्यांनी जोडलं, आणि खळं सोडलं तर फारसं काही सपाट केलं नाही. तिरुवनंतपुरमला स्थायिक झालेले वास्तुकार लॉरी बेकर यांनीही घराच्या खर्चाबद्दल लिहिताना हेच सांगितलं होतं: घर समोच्च रेषांना समांतर ठेवा, खोदाई आणि भराव दोन्ही कमी होतात. त्यांचं स्वतःचं घर खडकाळ उतारावर आहे. केरळात पाऊस तसाच आणि जांभाही तसाच, म्हणून त्यांचं म्हणणं मला आपल्यासाठी जवळचं वाटतं.

वास्तूच्या नावाने येणारा सल्ला मी स्वीकारलेला नाही. पश्चिमेला उतार अशुभ, म्हणून तिथे भराव टाकून जमीन उचला, असं आम्हाला दोघांनी सांगितलं. ज्या बाजूने पाणी जातं तीच बाजू मातीने बंद करणं यासारखं घातक काम नाही. आईची श्रद्धा आहे, देवघराची दिशा तिने ठरवली आणि आम्ही ती आनंदाने मान्य केली. पण उतार बदलायचा नाही, हे तिनेच सगळ्यांत आधी म्हटलं.

आता मुद्दा परवानगीचा. १:५ किंवा त्याहून जास्त उतारावर बांधकाम नको, असा दंडक राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत आहे. तो चांगला आहे, आणि कडकपणे पाळला जावा. पण त्याच्या खालच्या उतारांवर, १:६, १:८ वर, कोकणातली असंख्य घरं उभी राहतात आणि तिथे नकाशात उतार दिसतच नाही. परवानगीसाठी येणाऱ्या प्रत्येक नकाशावर तीन गोष्टी सक्तीच्या कराव्यात: जमिनीच्या आजच्या पातळ्या, सर्वांत उंच कापाची उंची, आणि पावसाच्या पाण्याची वाट, वरून आत येणारी आणि खाली बाहेर जाणारी. दीड मीटरपेक्षा उंच काप असेल तर त्याला आधार कसा देणार, याचं रेखाटन सोबत जोडायला लावावं. यासाठी महागडी यंत्रं लागत नाहीत. नळी, खुंट्या आणि एक सकाळ पुरते. ग्रामपंचायतीने हे काम जाणणाऱ्या गवंड्याला ठरावीक मानधन द्यावं. ती विद्या अजून गावात आहे, काकांचा नातू मात्र मुंबईला गेला आहे.

जे या दिवाळीनंतर बांधणार आहेत, त्यांनी हा पावसाळा वाया घालवू नये. मोठी सर चालू असताना जागेवर उभं राहा, पाणी कुठे जमतं, कुठे धार धरतं, तिथे खुंट्या ठोका. आम्ही तसं केलं आणि घर दोन मीटर उत्तरेला सरकलं, कारण दक्षिणेच्या काजूखालून एक धार वाहते जी उन्हाळ्यात कुणाला दिसली नसती.

वहिनीचा एक प्रश्न अजून सुटलेला नाही. कपडे वाळत घालायची जागा तिला स्वयंपाकघराजवळ, वरच्या पातळीवर हवी आहे. पण दुपारचं ऊन खालच्या पडवीत येतं, आणि ओल्या कपड्यांची बादली घेऊन आठ पायऱ्या रोज उतरायला ती तयार नाही. उत्तरेच्या बाजूला अर्धवट उघडी एक पट्टी काढता येईल का, हे काका पुढच्या रविवारी नळी घेऊन येतील तेव्हा बघायचं आहे.