आठ टाकले, साडेतीन दिसले
खोलून पाहू – खटपट्या

"सदरातून सगळ्या जगाला अक्कल शिकवतोस, माझ्या मशीनचं काय?" ताईचा फोन आला तो गेल्या जुलैत, ऐन रिटर्न भरायच्या हंगामात. ती सांगलीत घरूनच टॅक्सची कामं बघते. एका खिडकीत टॅली, दुसरीत जीएसटीचं पोर्टल, तिसरीत एक्सेल आणि चौथीत अशिलांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले बिलांचे तिरके फोटो. टॅलीतून एक्सेलवर जाईपर्यंत चहा होतो, अशी तिची तक्रार. भाच्याने निदान आधीच करून ठेवलं होतं. "मामा, रॅम कमी पडतेय. आठ जीबी कर, पळेल."

मशीन २०१२ साली असेंबल करून घेतलेलं. मी तिला फोनवरच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबायला लावलं आणि टास्क मॅनेजरमधले आकडे वाचायला सांगितलं. मेमरी ९२ टक्के, डिस्क १०० टक्के. निदान अर्धं बरोबर होतं. मेमरी भरली की विंडोज जास्तीचा पसारा हार्ड डिस्कवर नेऊन टाकतं आणि लागला की परत आणतं. जुनी फिरती हार्ड डिस्क या हमालीत दमून जाते. म्हणजे रॅम वाढवायची आणि हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवायची. नुसती डिस्क १०० टक्के आणि मेमरी निम्मी मोकळी असती, तर मी रॅमचा विषयही काढला नसता. पुष्कळ लोक रॅम घेतात, कारण मित्राने घेतली होती.

तिथेच खाली 'स्लॉट्स यूज्ड : १ ऑफ २' असंही तिने वाचलं. उत्तम. ४ जीबीची एक स्टिक आहे, दुसरी ४ ची टाकली की झाले आठ. मी ऑनलाइन शोधलं. डीडीआर३, ४ जीबी, १६००, डेस्कटॉपसाठी, किंमत इतरांच्या निम्मी. लगेच मागवली आणि दोन दिवसांनी स्वतःच सांगलीला जाऊन कॅबिनेट उघडलं. (त्या अख्ख्या डब्याला आपल्याकडे 'सीपीयू' म्हणतात. म्हणू देत, चालतं.) स्टिक बसली, दोन्ही खटके टकटक लागले, पंखा फिरला. स्क्रीन मात्र काळा आणि आतून बीप, बीप, बीप. काढली, सोनेरी पिनांवरून खोडरबर फिरवला, पुन्हा बसवली. पुन्हा बीप. जुनी एकटी ठेवली की मशीन निमूट चालू. ताई दारात उभी राहून बघत होती, काही बोलली नाही. ते जास्त लागलं.

शेवटी दोन्ही स्टिका खिशात घालून गावातल्या एका रिपेअरवाल्याकडे गेलो. त्याने नवी स्टिक उजेडात धरली, दोन्ही बाजूंच्या चिपा पाहिल्या आणि काउंटरवर बाजूला सारली. "साहेब, ही एएमडीवाली. इंटेलवर नाही चालत. बोर्ड कुठलाय?"

बोर्ड कुठलाय! हा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. घरी येऊन ऑनलाइन पानावरचं बारीक अक्षर वाचलं, तर तळाशी लिहिलेलंच होतं : फक्त एएमडी बोर्डांसाठी. या स्वस्त स्टिकांवरच्या चिपांची मांडणी वेगळी असते आणि इंटेलच्या मेमरी कंट्रोलरला ती वाचता येत नाही. स्टिक खराब नाही, बोर्डही खराब नाही. दोघांचं जमत नाही एवढंच, आणि पत्रिका बघायचं काम माझं होतं.

लोकांना वाटतं, खाच जुळली की पत्रिका जुळली. डीडीआर३, ४ आणि ५ च्या डेस्कटॉप स्टिका टेबलावर शेजारी ठेवल्या तर सख्ख्या बहिणी वाटतील, लांबी तीच, सव्वातेरा सेंटिमीटरच्या आसपास. डीडीआर३ ला २४० पिना, धाकट्या दोघींना २८८. खाच मात्र प्रत्येकीची वेगळ्या जागी, कारण विजेचा दाबच वेगळा : डीडीआर३ ला दीड व्होल्ट, डीडीआर४ ला १.२, डीडीआर५ ला १.१. चुकीची पिढी स्लॉटमध्ये बसूच नये म्हणून ती खाच. स्टिक बसवायला अंगठ्यांचा थोडा जोर लागतो, पण दंड फुगवावा लागला तर थांबा आणि लेबल वाचा. रेटून बसवण्याच्या नादात खटके तुटलेले बोर्ड मी पाहिलेत. पण ही खाच फक्त पिढी ओळखते. माझी स्टिक तिने बिनतक्रार आत घेतली होती.

शिवाय 'बोर्ड कुठला' या प्रश्नाच्या पोटात 'प्रोसेसर कुठला' हा प्रश्न दडलेला असतो. पूर्वी मेमरी सांभाळणारा कंट्रोलर बोर्डावरच्या चिपमध्ये असे. २००३ मध्ये एएमडीने आणि २००८ मध्ये इंटेलने तो उचलून थेट प्रोसेसरमध्ये घातला. आता दोघांचंही ऐकावं लागतं. ताईच्या मशीनमध्ये कोअर आय३-२१२० आहे. इंटेलच्या कागदावर तो ३२ जीबीपर्यंत चालतो. पण ज्या एच६१ चिपसेटच्या बोर्डावर तो बसलाय, त्याला स्लॉटच दोन आणि एकूण मर्यादा १६ ची. वेगाचंही तेच. हा प्रोसेसर १३३३ च्या वर जात नाही, त्यामुळे स्टिकवर १६०० छापलं असलं तरी चालते १३३३ नेच. नुकसान काही नाही, फक्त १६०० साठी चार पैसे जादा मोजले असतील तर ते पाण्यात. दोन वेगळ्या वेगांच्या स्टिका शेजारी बसवल्या तरी असंच होतं. दोघी सावकाश असेल तिच्या चालीने चालतात.

रिपेअरवाल्याने ४ जीबीची एक जुनी, चांगल्या अवस्थेतली स्टिक दिली. घरी बसवली. बीप नाही, स्क्रीन लागला, ताईने "हं" म्हटलं. मी ऐटीत सिस्टिमची माहिती उघडली. लिहिलं होतं : इन्स्टॉल्ड मेमरी ८ जीबी, त्यापैकी वापरण्याजोगी ३.४१.

भाचा हसला. आधी म्हटलं तसं मशीन २०१२ चं. तेव्हा त्यावर कुणीतरी ३२ बिटचं विंडोज ७ टाकलं होतं, पुढे त्याचंच ३२ बिटचं विंडोज १० झालं. ३२ बिटमध्ये मोजता येणारे पत्ते किती, तर दोनाचा बत्तिसावा घात : ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ बाइट, म्हणजे बरोबर ४ जीबी. त्यातलेही काही पत्ते ग्राफिक्स आणि बाकीच्या सामानासाठी राखीव. उरतात ते साडेतीनच्या आतबाहेर. गावात घरांचे नंबर संपले की पुढचा वाडा कितीही मोठा बांधा, पोस्टमन तिथे जाणार नाही. म्हणजे नव्या स्टिकने त्या मशीनला एका कणाचाही उपयोग झाला नव्हता. पहिल्या फोनवर ताईने '३.४' हा आकडा मला वाचून दाखवला होता, हे अधिक लाजिरवाणं. मला वाटलं, बाकीची ग्राफिक्सने घेतली असेल.

प्रोसेसर म्हणतो ३२, बोर्ड म्हणतो १६, विंडोज म्हणतं ४. तिघांत ज्याचा आकडा सगळ्यात लहान, त्याचंच खरं. एसएसडी बसवायचीच होती, तिच्यावर ६४ बिटचं विंडोज नव्याने टाकलं. परवाना तोच चालतो, वेगळे पैसे पडत नाहीत. फक्त डेटा आधी काढून घ्यावा लागतो, आणि टॅलीचा बॅकअप हा ताईच्या घरी देवघराइतका सोवळ्याचा विषय आहे. संध्याकाळपर्यंत मशीन खरंच पळायला लागलं.

तेव्हा रॅम घेण्याआधी बोर्डाचं नाव काढा. बहुतेक वेळा ते स्लॉटांच्या मधल्या जागेत मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. कॅबिनेट उघडायचं नसेल तर विंडोजमध्ये 'एमएसइन्फो३२' टाइप करा, 'बेसबोर्ड प्रॉडक्ट'समोर ते दिसतं. मग बोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवर त्याचं मॅन्युअल काढा. स्लॉट किती, एका स्लॉटला किती जीबी, एकूण किती, कुठली पिढी, हे सगळं एका पानावर असतं, आणि चालवून पाहिलेल्या स्टिकांची यादीही बहुधा असते. नव्या मशीनवाल्यांनी हे टाळू नये. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीचे प्रोसेसर डीडीआर४ आणि ५ दोन्ही चालवतात, त्यामुळे त्याच चिपसेटचे बोर्ड दोन्ही जातींचे मिळतात. फरक कधीकधी नावाच्या शेवटी लिहिलेल्या 'डी४' एवढाच. चार स्लॉट असतील आणि स्टिका दोन, तर साधारणपणे प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट घ्यायचा, म्हणजे दोन्ही चॅनल कामाला लागतात. शेजारी शेजारी खुपसू नका.

इथवर चुका माझ्या. लॅपटॉपचं प्रकरण मात्र वेगळं आहे, तिथे मी गिऱ्हाइकाला दोष द्यायला तयार नाही.

याच भाच्याला ऑगस्टमध्ये इंजिनिअरिंगसाठी लॅपटॉप घेतला. मी दुकानात मुद्दाम विचारलं, "८ जीबी आहे, पुढे वाढवता येईल ना?" "हो सर, अगदी." घरी टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचं पान उघडलं, तर 'फॉर्म फॅक्टर'समोर लिहिलं होतं 'रो ऑफ चिप्स'. म्हणजे स्लॉट नाहीच, चिपा बोर्डावर डाखलेल्या. चार वर्षं ८ वरच काढायची. खोक्यावर रॅम ८ जीबी, स्क्रीन इतके इंच, रंग कुठला, हे ठळक होतं. ही रॅम कायमची आहे, हे कुठेच नव्हतं.

रॅम डाखण्याचा पायंडा जुना आहे. ॲपलच्या २००८ च्या पहिल्या मॅकबुक एअरमध्ये ती डाखलेलीच होती, २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्येही. २०२० च्या एम१ पासून तर ती प्रोसेसरच्या शेजारी त्याच पॅकेजवर जाऊन बसली. बाकीचे मागून आले. कंपन्या देतात ती कारणं खोटी नाहीत. चिपा जवळ असल्या की तारा आखूड होतात, वीज कमी लागते, बॅटरी टिकते, लॅपटॉप सडपातळ होतो. पण बदलता येणारी आणि तरी कमी विजेवर चालणारी मेमरी अशक्यही नाही. एलपीकॅम२ नावाचं स्क्रूने बसणारं मोड्यूल २०२४ मध्ये लेनोव्होने थिंकपॅड पी१ मध्ये दिलं आहे. हे डाखलेल्या रॅमसारखंच कमी विजेवर चालतं आणि काढून बदलता येतं. ते महागड्या मशीनमध्येच का, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

माझं म्हणणं डाखू नका असंही नाही. सांगून डाखा. फ्रिजवर विजेचे तारे छापल्याशिवाय तो विकता येत नाही, मग लॅपटॉपच्या खोक्यावर एक ओळ छापायला काय अडचण आहे : मेमरी स्लॉट किती, त्यातले रिकामे किती, जास्तीत जास्त किती जीबी. शून्य असेल तर शून्य लिहा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं. त्या कामात ही एक ओळ सहज बसते, आणि कंपनीला तिचा खर्च शाईपुरताच.

आता तर ही ओळ जास्त निकडीची झाली आहे. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव भडकले, कारण एआयच्या डेटा सेंटरांनी चिपा उचलायला सुरुवात केली. डिसेंबरात मायक्रॉनने क्रुशल हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी '८ घ्या, पुढे वाढवा' असं सांगणारा सेल्समन गिऱ्हाइकाला खड्ड्यात घालतो. स्लॉट असेल तर ८ घेऊन थांबणं शहाणपणाचं, नसेल तर आज पोटाला चिमटा काढून १६ घेणंच बरं. निर्णय पूर्ण उलटा होतो, आणि तो ज्या माहितीवर होतो तीच खोक्यावर नसते.

ताईच्या मशीनबद्दल एक सांगायचं राहिलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची मुदत संपली, आणि तिच्या प्रोसेसरला विंडोज ११ अधिकृतपणे घेत नाही. अशिलांचा डेटा असलेलं मशीन असं ठेवता येत नाही, म्हणून तिने दिवाळीनंतर नवं घेतलं. या वेळी बोर्डाचा नंबर तिने स्वतः कागदावर लिहून आणला आणि दुकानदाराला मॅन्युअल उघडून दाखवायला लावलं. चार स्लॉट, दोन भरलेले.

ती एएमडीवाली ४ जीबीची स्टिक माझ्या ड्रॉवरमध्ये पडून आहे. कुणाकडे डीडीआर३ चा जुना एएमडी बोर्ड असेल तर फुकट घेऊन जा. येण्याआधी बोर्डाचा नंबर तेवढा कळवा.