खराटा उचलला, कीर्तन विसरलो

'श्रमदान' हा शब्द आपण अलीकडे फार स्वस्त केला आहे.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांसमवेत कर्नाळा पक्षी अभयारण्यात कचरा वेचायला मी गेली तीन वर्षे जातो आहे. (१९६८ साली घोषित झालेले हे जेमतेम बारा चौरस किलोमीटरचे अरण्य, त्यातूनच मुंबई-गोवा महामार्ग गेला आहे.) दरवर्षी तेच: हातमोजे, पोती, फलक आणि शेवटी सामूहिक छायाचित्र. भरलेली पोती पुढे कुठे जातात, हे आमच्यापैकी एकानेही कधी विचारले नाही. मीही नाही.

अशा उपक्रमांना नाके मुरडणाऱ्यांशी माझे भांडण नाही. ('मराठीच्या प्राध्यापकाने कचरा का वेचावा?' ह्या प्रश्नामागे काय दडलेले असते, ते आपण सारे जाणतोच.) भांडण आहे ते वेचून समाधान पावणाऱ्यांशी. समारोपाच्या भाषणात गाडगेबाबांचे नाव हमखास येते. पण बाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. ते कीर्तन म्हणजे श्रोत्यांवर केलेली प्रश्नांची सरबत्तीच असे: देवापुढे बकरे का कापता, सणासाठी कर्ज का काढता, माणसाला अस्पृश्य का मानता? खराटा ही प्रस्तावना होती. आपण प्रस्तावनेलाच ग्रंथ समजून बसलो.

वास्तविक प्रश्न आमच्या हातातच असतात. वेफर्सच्या रिकाम्या पाकिटावर उत्पादकाचे नाव आणि पत्ता छापलेला असतो. प्लास्टिक व धातूचे पातळ थर एकत्र चिकटवलेले हे वेष्टन सहजी सुटे होत नाही, म्हणून भंगारवाला त्याला हात लावत नाही. ते परत गोळा करण्याची जबाबदारी २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. मग आमची मुले रविवारी जे दान करतात, ते नेमके कोणाच्या पदरात पडते? गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. त्याच्या पुड्याही आम्ही मुकाट्याने पोत्यात भरतो. संहितेतला शब्दन् शब्द तपासायला शिकवणारे आम्ही, हातातले चार शब्द वाचत नाही!

यंदा मी सुचवले, प्रत्येक गटाला पोत्याबरोबर एक वही द्यावी. कंपनीनिहाय वेष्टने मोजावीत आणि ती यादी त्या त्या कंपनीला व प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाठवावी. बैठकीत एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "सर, सेवेत हे राजकारण कशाला?" त्यांच्या मागच्या भिंतीवर बाबांची तसबीर होती.

वह्या मी पदरच्या पैशांनी आणल्या आहेत.