विश्लेषण : नदी तीन जिल्ह्यांची, निधी मात्र गावापुरता... सांगोल्याच्या पाण्याचा हिशेब सीमेवर का अडतो?

माण नदी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात उगम पावते, सांगलीच्या आटपाडीतून वाहते आणि सांगोल्यात येते, ती वर्षातले बहुतेक महिने कोरडीच. पुढे पंढरपूर तालुक्यात ती भीमेला मिळते आणि भीमा कर्नाटकात जाते. पाण्याच्या या एका वाटेवर तीन जिल्हे आणि दोन राज्ये आहेत. पाणी अडवण्या-जिरवण्यासाठीचा सरकारी निधी मात्र गाव, तालुका, जिल्हा असे चौकोन आखून येतो. दोन चौकोनांना मिळून काम करायचे असेल, तर अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा?

सांगोल्याला याची झळ कशी बसते?

तालुक्यात वर्षाला सरासरी 500 मिमीच्या आसपास पाऊस पडतो. तरीही इथले डाळिंब देशभर जाते. देशातली 100वी किसान रेल्वे 28 डिसेंबर 2020 रोजी सांगोल्याहूनच पश्चिम बंगालमधील शालिमारकडे निघाली होती. ही शेती ठिबक, शेततळे आणि बोअरवर उभी आहे. बोअरला पाणी लागणे मात्र एकट्या सांगोलेकरांच्या हातात नाही. नदीच्या वरच्या अंगाला किती पाणी मुरले आणि किती उपसले गेले, यावरही ते ठरते.

कालव्याच्या पाण्याचीही तीच गत. टेंभू योजनेत कराडजवळ कृष्णेचे पाणी उचलून सातारा, सांगली आणि सोलापूर अशा तीन जिल्ह्यांना दिले जाते. सांगोला या वाटेच्या शेपटाला आहे. वर आवर्तन लांबले की खाली बाग सुकते.

मग भूजलासाठी निधी नाही का?

आहे, आणि तो चांगला आखलेला आहे. केंद्राची अटल भूजल योजना 6,000 कोटी रुपयांची. त्यातले 3,000 कोटी जागतिक बँकेचे कर्ज, उरलेले 3,000 कोटी केंद्राचे. कर्ज केंद्राच्या नावावर, राज्यांना मात्र ती रक्कम अनुदान म्हणून मिळते. महाराष्ट्र आणि कर्नाटकासह सात राज्यांसाठी 2020 पासून ती राबवली गेली. यातला कळीचा भाग म्हणजे 4,600 कोटी रुपये प्रोत्साहनपर ठेवले होते. भूजलाची आकडेवारी जाहीर करणे, गावाचा जलसुरक्षा आराखडा करणे, पातळीची घसरण थांबवणे अशा निकालांवर पैसे. काम दाखवा आणि निधी घ्या, हा नियम आपल्याकडे दुर्मीळच.

अडचण एवढीच, की निकाल मोजायचा तो ठरलेल्या सीमेच्या आत. आटपाडीतल्या एखाद्या गावाने उपसा कमी केला आणि त्याचा फायदा खाली सांगोल्यातल्या विहिरींना झाला, तर त्या गावाला त्याचे वेगळे गुण नाहीत. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षात शिकवतात, की आत किती आले आणि बाहेर किती गेले हे मोजायचे तर आधी सीमा नीट आखा. इथे सीमा महसूल खात्याने आखलेली आहे आणि पाणी उताराने जाते. गंमत म्हणजे राज्याच्या भूजल यंत्रणेने महाराष्ट्राची विभागणी सुमारे दीड हजार पाणलोट क्षेत्रांत केव्हाच केली आहे. नकाशा तयार आहे, पण अंदाजपत्रक त्या नकाशावर बनत नाही.

राज्याची हद्द आली की काय होते?

गुंता वाढतो. सांगोल्याला लागून असलेल्या जत तालुक्यात डोण नदी उगम पावते आणि कर्नाटकच्या विजयपूर जिल्ह्यात जाते. उलट, 2022च्या अखेरीस सीमावाद पेटला असताना कर्नाटकच्या तुबची-बबलेश्वर योजनेचे पाणी जतच्या पूर्व भागात आले. पाणी आले, पण ते कधी, किती आणि कोणाच्या खर्चाने, याचा दोन राज्यांत करार नव्हता.

आपल्याकडे वाटणीचे कायदे भक्कम आहेत. बच्छावत लवादाने कृष्णा खोऱ्यातले 560 टीएमसी महाराष्ट्राला आणि 700 टीएमसी कर्नाटकाला दिले. एकत्र नियोजनासाठी 1956 सालचा नदी मंडळ कायदाही आहे, पण त्याखाली आजवर एकही मंडळ स्थापन झालेले नाही. विभागीय परिषदांकडे पाहावे, तर महाराष्ट्र पश्चिम परिषदेत आणि कर्नाटक दक्षिण परिषदेत. शेजारी आहेत, पण बैठक वेगळी!

युरोपात वेगळे काय?

युरोपीय संघ 1990 पासून ‘इंटररेग’ नावाचा निधी चालवतो. 2021-27 या काळासाठी त्यात सुमारे 8 अब्ज युरो आहेत. पूर, दुष्काळ, नद्या, जंगले असे विषय त्यात येतात. सर्वसाधारण अट अशी, की किमान दोन देशांचे भागीदार हवेत, त्यांनी प्रकल्प मिळून आखायचा, मिळून राबवायचा आणि माणसे किंवा पैसा, यापैकी काहीतरी दोघांनी घालायचे. सीमेपलीकडचा जोडीदार नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही.

ही पद्धत जशीच्या तशी उचलून चालणार नाही. तिथे बहुतांश पैसे खर्च तपासल्यावर परत मिळतात. आपल्या ग्रामपंचायतीने आधी खिशातून खर्च करून मग वाट पाहायची, हे अवघडच.

इथे सुरुवात कुठून होऊ शकते?

महापुराबाबत एक वाट दिसली आहे. 2019च्या पुरानंतर धरणांतील विसर्गाची माहिती वेळेवर एकमेकांना देण्यावर दोन्ही राज्यांनी भर दिला. जून 2021 मध्ये तत्कालीन जलसंपदामंत्री जयंत पाटील त्यासाठी बेंगळुरूला जाऊन तत्कालीन मुख्यमंत्री बी. एस. येडियुरप्पा यांना भेटले होते. पुरात दोघांचेही नुकसान होते, म्हणून फोन उचलला जातो. दुष्काळात एकाची तहान दुसऱ्याला दिसत नाही.

राज्याच्या हद्दीतले काम तर त्याहून सोपे. माण, आटपाडी आणि सांगोला या तीन तालुक्यांच्या निरीक्षण विहिरींची पातळी एकाच तक्त्यात मांडायची आणि प्रोत्साहन निधीचा एक हिस्सा तिघांच्या एकत्रित निकालावर ठेवायचा. यासाठी नवा कायदा लागत नाही, लवादाकडेही जावे लागत नाही. तिन्ही जिल्ह्यांच्या नियोजन समित्यांनी आपल्या वार्षिक आराखड्यात एकाच कामाची नोंद करायला हवी. सध्या या समित्या स्वतंत्रपणे बसतात आणि त्यांचे पालकमंत्रीही आपापले.