बॉम्ब अचूक, पण जबाबदार कोण?

युद्धाच्या बातम्यांत हल्ली एक शब्द हमखास येतो: 'अचूक हल्ला'. तो ऐकला की पुढचे प्रश्न आपोआप थांबतात. लक्ष्य ठरले होते, ते टिपले, विषय संपला. पण अस्त्र अचूक आहे याचा अर्थ एवढाच की ते सांगितलेल्या जागी पडते. ती जागा योग्य होती का आणि ती कोणी ठरवली, हे प्रश्न शिल्लक राहतात. विमानातून सोडलेले बॉम्ब आता लष्करी नेटवर्कला जोडले जात आहेत. अशा वेळी हे प्रश्न आपण नीट समजून घ्यायला हवेत.

अमेरिकेतील रेथिऑन कंपनीचा 'स्टॉर्मब्रेकर' हे त्याचे ठळक उदाहरण. सुमारे ९३ किलो वजनाचा हा बॉम्ब इंजिनाशिवाय, पंख उघडून ६४ किलोमीटरपेक्षा जास्त अंतर कापतो. रडार, उष्णता टिपणारा कॅमेरा आणि लेझर अशा तीन मार्गांनी तो लक्ष्य ओळखतो. त्यामुळे धूळ-धूर असला तरी चालत्या वाहनाचा पाठलाग करू शकतो. 'लिंक-१६' या लष्करी रेडिओ नेटवर्कशीही तो जोडलेला असतो. बॉम्ब हवेत असताना त्याला नवी माहिती देता येते, लक्ष्य बदलता येते. ही सूचना बॉम्ब सोडणाऱ्या वैमानिकानेच द्यावी असेही नाही. दुसरे विमान किंवा जमिनीवरचा नियंत्रकही ती देऊ शकतो.

समर्थकांचा युक्तिवाद असा की यामुळे निरपराध माणसे वाचतील. शेवटच्या क्षणी मध्ये कोणी आले तर बॉम्ब वळवता येईल. ही शक्यता खरी आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. पण नेटवर्क माहिती पोचवते. ती माहिती खरी की खोटी, हे त्याला कळत नाही.

७ मे १९९९ रोजी, युगोस्लाव्हियावरील नाटोच्या हल्ल्यांदरम्यान, अमेरिकी बी-२ विमानाने उपग्रहाच्या साहाय्याने जाणारे पाच बॉम्ब बेलग्रेडमधील चिनी दूतावासावर टाकले. तीन चिनी पत्रकार ठार झाले. बॉम्ब दिलेल्या ठिकाणीच पडले होते. अमेरिकेने दिलेल्या खुलाशानुसार सीआयएला शस्त्रखरेदीशी संबंधित एक सरकारी इमारत हवी होती, पण तिचे स्थान चुकीचे काढले गेले आणि पुढच्या कोणत्याही तपासणीत ही चूक सापडली नाही.

दुसरे उदाहरण ३ ऑक्टोबर २०१५ चे, अफगाणिस्तानातील कुंदुझचे. तिथे बॉम्ब नव्हता, एसी-१३० या विमानातल्या तोफा होत्या. पण बिघाड माहितीच्या साखळीतच झाला. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेच्या रुग्णालयावर मारा होऊन ४२ जणांचा बळी गेला. संस्थेने रुग्णालयाचे नेमके स्थान अमेरिकी लष्कराला आधीच कळवले होते. लष्कराच्या चौकशीत जे समोर आले ते असे: ज्या जागांवर हल्ला करायचा नाही त्यांची यादी विमानात नव्हती. उड्डाणादरम्यान माहिती पाठवणारी-घेणारी यंत्रणा बंद पडली. मारा सुरू होण्यापूर्वी लक्ष्याचे स्थान मुख्यालयाला कळवले गेले, पण तिथे बसलेल्यांच्याही ते लक्षात आले नाही. १६ जणांवर शिस्तभंगाची कारवाई झाली, फौजदारी खटला एकावरही नाही.

समाजशास्त्रज्ञ झिग्मुंट बाउमन यांनी आधुनिक नोकरशाहीबद्दल एक महत्त्वाचे निरीक्षण मांडले आहे. काम तुकड्यातुकड्यांत वाटले गेले आणि परिणाम डोळ्यांआड गेला की माणसाला आपण काय करतो आहोत याची टोचणी लागत नाही. प्रत्येक जण आपला तुकडा चोख पार पाडतो. नेटवर्कवरचे अस्त्र ही याच व्यवस्थेची पुढची पायरी आहे. एकाने प्रतिमा पाहिली, दुसऱ्याने आकडे पाठवले, तिसऱ्याने मंजुरी दिली, चौथ्याने बटण दाबले. माणूस मेला, पण मारणारा कोण, हे सांगता येत नाही.

हे सगळे परदेशातले म्हणून सोडून देता येणार नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये भारताने अमेरिकेशी 'कॉमकासा' करार केला आणि त्यांची सुरक्षित लष्करी संपर्क उपकरणे मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये ३१ एमक्यू-९बी ड्रोनच्या खरेदीवर सह्या झाल्या. स्वायत्त शस्त्रांबाबतच्या ठरावावर २०२३ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत भारताने विरोधी मत दिले. यावर आपल्याकडे किती चर्चा झाली?

जबाबदारीचा आपला अनुभवही आठवावा. ४ डिसेंबर २०२१ रोजी नागालँडमधील ओटिंग येथे कामावरून परतणाऱ्या कोळसा खाण मजुरांवर लष्कराच्या तुकडीने गोळीबार केला. सहा मजूर जागीच मेले. राज्य पोलिसांनी ३० जणांवर आरोपपत्र ठेवले. केंद्राने खटल्याला परवानगी नाकारली. तिथे तर गोळी झाडणारे समोर होते. उद्या गोळीच्या जागी बॉम्ब असेल आणि त्याला सूचना चार ठिकाणांहून गेली असेल, तर मेलेल्याच्या घरच्यांनी कोणाचे दार ठोठवायचे?

गंमत अशी की उत्तर त्याच तंत्रज्ञानात आहे. कोणी, किती वाजता, कोणती माहिती पाठवली याची नोंद नेटवर्कवर ठेवता येते. ती नोंद कोणापुढे जाणार, हा राजकीय प्रश्न आहे. माहिती अधिकार कायद्याचे कलम ८ सुरक्षेच्या कारणावरून माहिती नाकारू देते, आणि डीआरडीओ तर या कायद्याच्या बहुतांश कक्षेबाहेर आहे. म्हणून आपण आपल्या खासदारांकडे तीन मागण्या न्याव्यात. प्रत्येक हल्ल्याला अंतिम मंजुरी देणारा अधिकारी आधीच निश्चित असावा. माहितीची संपूर्ण नोंद जपली जावी आणि नागरिक मारले गेल्यास ती स्वतंत्र चौकशीपुढे ठेवली जावी. बळी पडलेल्यांच्या कुटुंबाला भरपाईबरोबर चौकशीचा निष्कर्षही लेखी मिळावा.

यातली एकही मागणी सैन्याच्या विरोधात नाही. बटण दाबणाऱ्या तरुण सैनिकालाही तिचाच आधार आहे. नाहीतर वरच्यांच्या चुकीचे ओझे शेवटी त्याच्याच माथी मारले जाईल.