नाचता येईना, ट्रान्झिस्टर वाकडा

"बीजेटी स्लो असतो रे, मॉस्फेट टाक."

हे वाक्य मी इतक्या लोकांकडून ऐकलंय की आता ते राष्ट्रीय घोषवाक्य करायला हरकत नाही. पहिल्या वर्षाचा पोरगा बोलतो, वीस वर्षं अनुभव असलेला साहेबही बोलतो. दोघांनाही विचारा, स्लो म्हणजे नेमका कुठे स्लो? चालू होताना की बंद होताना? किती नॅनोसेकंद? मग सगळे एकदम चहाला जातात.

माझं पोट सॉफ्टवेअरवर आहे, इलेक्ट्रॉनिक्स हा शनिवार-रविवारचा उद्योग. पण आमच्या धंद्यात एक बरी सवय असते. प्रोग्राम हळू चालतोय अशी तक्रार आली की आधी मोजायचं, वेळ कुठे जातोय ते बघायचं, आणि मगच हात लावायचा. (सगळे असं करतात असं नाही, पण निदान न करणाऱ्याला लाज वाटते.) ट्रान्झिस्टरच्या बाबतीत हीच मंडळी न मोजता थेट फाशी सुनावतात.

चला, मोजू या. गल्लीबोळात मिळणारा २एन३९०४ घ्या. डेटाशीट म्हणते की १० मिलिअँप कलेक्टर करंटला चालू व्हायला डिले ३५ आणि राइज ३५ नॅनोसेकंद, म्हणजे जास्तीत जास्त ७०. बंद व्हायला स्टोरेज २०० आणि फॉल ५०, म्हणजे २५०. आता ह्या चार आकड्यांत चोर कोण ते सांगायला ज्योतिषी लागत नाही. ह्याच ट्रान्झिस्टरची ट्रान्झिशन फ्रिक्वेन्सी किमान ३०० मेगाहर्ट्झ दिलेली आहे. एवढा चपळ प्राणी बंद होताना २०० नॅनोसेकंद नुसता बसून राहतो. का?

कारण आपण त्याला ठासून भरलेला असतो.

एसटीचा थांबा डोळ्यासमोर आणा. गाडीत पंचवीस माणसं बसली तरी गाडी सुटणार आहे, पण आपण सव्वाचारशे कोंबतो. आता शेवटच्या थांब्यावर गाडी रिकामी करायची आहे आणि उतरायला दार एकच, तेही अरुंद. बेसमध्ये साठलेल्या जादा चार्जचं तंतोतंत हेच होतं. तो चार्ज निघून जाईपर्यंत कलेक्टरला पत्ताच नसतो की बेसवर बंद होण्याचा हुकूम आलाय. ह्या काळालाच स्टोरेज टाइम म्हणतात.

गंमत म्हणजे सॅच्युरेशन म्हणजे काय हे आपल्याकडे प्रत्येकाला पाठ असतं. व्हायव्हाला विचारलं की धाडकन उत्तर येतं, "सर, दोन्ही जंक्शन फॉरवर्ड बायस." शाब्बास, पूर्ण मार्क. पण कलेक्टर-बेस जंक्शनही फॉरवर्ड झालं की तिकडूनही बेसमध्ये चार्ज यायला लागतो आणि तो कधीतरी उपसावा लागतो, हा पुढचा प्रश्न परीक्षकही विचारत नाही. मिलमन आणि टाउबचं १९६५ चं जाडजूड पुस्तक कित्येक कॉलेजांच्या लायब्ररीत आहे, त्यात हे सगळं आहे. पण पेपरात पाच मार्कांनाही येत नसेल तर ते पान उघडणार कोण?

त्याऐवजी पोरांच्या हाती काय पडतं? दहाचा नियम. कलेक्टर करंटच्या एकदशांश बेस करंट द्या, ट्रान्झिस्टर नक्की सॅच्युरेट होईल. दिवा लावायला, रिले ओढायला हा नियम उत्तम आहे. माझी त्याच्याबद्दल काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती रिलेचा नियम मेगाबिटच्या सिग्नलला लावण्याबद्दल.

आकडे घालून बघा. सप्लाय ५ व्होल्ट, कलेक्टरला १ के, बेसला १० के. कलेक्टर करंट साधारण ४.८ मिलिअँप. गेन २०० धरला तर त्याला बेस करंट लागतो ०.०२४ मिलिअँप. आपण देतो किती? ५ वजा ०.७ भागिले १० के, म्हणजे ०.४३ मिलिअँप. अठरा पट! आता इनपुट शून्यावर आणा. बेस अजून ०.७ व्होल्टवर आहे आणि चार्ज बाहेर निघायचा रस्ता तोच १० के. बाहेर निघणारा करंट ०.०७ मिलिअँप. भरताना ०.४३, उपसताना ०.०७. पुढचं दार उघडं आणि मागच्या दाराला फट, असा कारभार.

डेटाशीटमधले ते २०० नॅनोसेकंद कुठल्या अटीवर आहेत तेही कुणी वाचत नाही. तिथे बेसमध्ये १ मिलिअँप घातलाय आणि बंद करताना १ मिलिअँप ओढून काढलाय. तुमच्या १० के मधून १ मिलिअँप ओढायचा तर इनपुट उणे ९.३ व्होल्टवर न्यावं लागेल! चार्ज-कंट्रोलचं नेहमीचं सूत्र वापरा. स्टोरेज टाइम हा (भरणारा अधिक उपसणारा करंट) भागिले (काठावरचा अधिक उपसणारा करंट) ह्याच्या नैसर्गिक लॉगच्या प्रमाणात असतो. डेटाशीटच्या अटीत तो लॉग येतो ०.६४, आपल्या सर्किटात १.६७. म्हणजे अडीच पटीहून जास्त. २०० चे झाले ५०० च्या वर, अर्धा मायक्रोसेकंद. हा ट्रान्झिस्टरचा दोष? ह्याला म्हणतात नाचता येईना अंगण वाकडं.

आणि मग येतो तो सुप्रसिद्ध उपाय, "बेस रेझिस्टर कमी कर, जोरात ड्राइव्ह कर." करा १० च्या जागी ४.७ के. लॉग होतो १.८२. चालू पटकन होईल, पण जिथे दुखतंय तिथे आणखी वाढलं. आता तो १० के तसाच ठेवा आणि बेस ते एमिटर एक ४.७ के लावा. तो भरताना ०.१५ मिलिअँप खातो आणि उपसताना तेवढाच ओढतो. लॉग १.६७ वरून ०.७२ वर. निम्म्याहून कमी! एक रेझिस्टर. चहाच्या पैशात मूठभर येतात.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर एका कंपनीतली हकीकत सांगतो, नाव नको. बोर्डावर सिरियल सिग्नल उलटा करायला असाच एक ट्रान्झिस्टर होता, बेसला १० के. ११५२०० बॉडला सगळं झकास, कारण तिथे एक बिट ८.७ मायक्रोसेकंदांचा आणि त्यातला अर्धा कुणाला जाणवतोय? वेग १ मेगाबिट केला आणि कचरा यायला लागला. एक बिट १ मायक्रोसेकंदाचा, रिसीव्हर तो मधोमध वाचतो आणि एक कड अर्धा मायक्रोसेकंद उशिरा येते. अगदी वर्मावर घाव. पण दोषी कोण ठरलं? अर्थातच सॉफ्टवेअर! दोन आठवडे आम्ही ड्रायव्हर आणि बफर उपसत बसलो. शेवटी हार्डवेअरवाल्या साहेबांनी ते घोषवाक्य उच्चारलं आणि ३९०४ च्या जागी २एन७००० बसवला. पायांचा क्रम जुळतो, त्यामुळे बोर्ड बदलायचीही गरज नाही. काय फरक पडला? फारसा काही नाही! कारण बेसचा १० के आता गेटला होता, आणि २एन७००० ची इनपुट कपॅसिटन्स ५० पिकोफॅरडपर्यंत असू शकते. १० के गुणिले ५० पिकोफॅरड करा बरं... पुन्हा अर्धा मायक्रोसेकंद. मॉस्फेट टाकला, सवय तीच ठेवली. अखेर जुना ३९०४ परत लागला, बेस-एमिटरला ४.७ के लागला आणि बाइट सरळ यायला लागले. त्या दोन आठवड्यांची माफी अजून कुणी मागितलेली नाही. असो.

बेस रेझिस्टरला समांतर छोटा कपॅसिटर लावायची युक्तीही जुनीच. कड येते तेव्हा तो चार्जचा एक घोट आत ढकलतो आणि परतीच्या कडेला बेस शून्याच्या खाली खेचतो, तेवढ्यात जादा चार्ज फस्त. पण ५ व्होल्टच्या ड्राइव्हला बेस फार तर उणे ४.३ ला जातो. १२ व्होल्टवर हेच केलंत तर उणे ११ च्या पुढे, आणि ३९०४ चं बेस-एमिटर जंक्शन उलट्या दिशेने ६ व्होल्टच सहन करतं. ट्रान्झिस्टर लगेच मरत नाही, गेन हळूहळू घसरतो आणि सहा महिन्यांनी तुम्ही पुन्हा सॉफ्टवेअरला शिव्या देता.

मला खरा राग येतो तो ह्याचा की हा प्रश्न केव्हाच सुटलाय. १९५६ साली एमआयटीच्या लिंकन लॅबमध्ये रिचर्ड बेकर ह्यांनी डायोड लावून ट्रान्झिस्टरला सॅच्युरेशनच्या अलीकडे अडवायची पद्धत मांडली, तोच बेकर क्लॅम्प. त्याच वर्षी आयबीएममध्ये हॅनन युर्क ह्यांनी वेगळीच वाट धरली. करंट एका ट्रान्झिस्टरमधून दुसऱ्यात वळवायचा, सॅच्युरेट कुणालाच होऊ द्यायचं नाही. पुढे ती ईसीएल झाली आणि १९७६ चा क्रे-१ त्याच कुळातल्या गेट्सवर ८० मेगाहर्ट्झने धावला. बीजेटीच होते हो सगळे! १९६४ च्या अखेरीस टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या जेम्स बियार्ड ह्यांनी कलेक्टर आणि बेसमध्ये शॉटकी डायोड त्याच सिलिकॉनवर बसवण्याच्या पेटंटचा अर्ज केला. साध्या ७४०० चा गेट १० मिलिवॉट खाऊन साधारण १० नॅनोसेकंद घ्यायचा. शॉटकीवाला ७४एस दुप्पट वीज खाऊन ३ वर आला, आणि ७४एलएस ने तेच १० नॅनोसेकंद २ मिलिवॉटमध्ये दिले. आपल्यापैकी कित्येकांनी कॉलेजात ७४एलएस ची आयसी ब्रेडबोर्डात खुपसलीय, पण त्या 'एस'चा अर्थ किती जणांनी विचारला?

घरी करायचं तर एक बीएटी८५ पुरतो. अॅनोड बेसला, कॅथोड कलेक्टरला. कलेक्टर ०.४ व्होल्टच्या आसपास आला की जादा बेस करंट डायोडमधून कलेक्टरकडे वळतो, गाडीत कोंबला जातच नाही. फुकट नाही हं हे. एरवी ०.१-०.२ व्होल्टवर बसणारा कलेक्टर आता ०.४ वर राहतो. ५ मिलिअँपला कुणाला फरक पडत नाही, पण १ अँपिअरला तो फरक उष्णता होऊन बाहेर येतो. तिथे मॉस्फेट वापरा, मी स्वतः दुकानात घेऊन जाईन. मोठा करंट, कमी व्होल्टेज, नीट गेट ड्राइव्हर, ह्या खेळात बीजेटी हरतोच. पण ३.३ व्होल्टच्या मायक्रोकंट्रोलरला २एन७००० जोडणाऱ्यांनी एकदा बघावं की त्याचं थ्रेशोल्डच ३ व्होल्टपर्यंत असू शकतं. ०.७ व्होल्टला जागा होणारा बीजेटी तिथे कधीही बरा.

मोजताना एक काळजी घ्या. स्कोपवर कलेक्टर आधी सपाट राहून मग उडी मारत असेल तर तो स्टोरेज. लगेच उठतोय पण चढ गोलसर असेल तर तो कलेक्टरच्या रेझिस्टरचा आणि कपॅसिटन्सचा खेळ. त्यात तुमचा प्रोबही आला. एक-पट प्रोब सहज १०० पिकोफॅरड लादतो आणि १ के बरोबर तोच २२० नॅनोसेकंदांचा राइज टाइम तयार करतो. दहा-पटीवर टाका आणि मगच निकाल द्या.

"पण आता बीजेटी वापरतं कोण?" असं कुणीतरी विचारणारच. जुने सीएफएल उघडून बघा, आत १३००३ च्या जोड्या बसलेल्या दिसतील. त्या स्वतःच डोलणाऱ्या सर्किटात फ्रिक्वेन्सी ठरवण्यात स्टोरेज टाइमचाच मोठा वाटा असतो, आणि डेटाशीटमध्ये तो ४ मायक्रोसेकंदांपर्यंत दिलाय. वरचा बंद व्हायच्या आत खालचा चालू झाला की दोघेही धुरात जातात. ऑप्टोकप्लर तर आजही ढिगाने विकले जातात, आणि त्यांच्या पोटात फोटोट्रान्झिस्टरच असतो. पीसी८१७ ला बेसचा पाय नाही, तिथे इलाज नाही. पण ४एन३५ चा सहावा पाय हा बेस आहे, आणि तो बहुतेक बोर्डांवर लटकत सोडलेला किंवा सरळ कापलेला दिसतो. तिथून चौथ्या पायाला, म्हणजे एमिटरला, काही शे किलोओहमचा रेझिस्टर लावा. थोडा करंट ट्रान्स्फर जाईल, तेवढा एलईडीचा करंट वाढवून घ्या आणि बंद होणारी कड स्कोपवर आधी-नंतर शेजारीशेजारी ठेवून बघा.