भाजल्यावर आधी पाणी, मलम नंतर

"भाजलं की पाणी लावू नये, फोड येतात." हे वाक्य मी चंद्रपूर शहरात ऐकलंय, गडचिरोलीच्या आतल्या गावांत ऐकलंय आणि, सांगायला लाज वाटते, दवाखान्यात काम करणाऱ्यांच्या तोंडूनही ऐकलंय. ते साफ चुकीचं आहे. उष्णतेने त्वचेचे थर एकमेकांपासून सुटतात आणि मधे द्रव साचतो, तो फोड. पाणी लावलं नाही तरी तो येणारच.

चुलीवरची उकळती पेज लेकराच्या हातावर सांडते. भांडं बाजूला केलं तरी उष्णता त्वचेत शिरलेली असते, ती आतल्या थरांना भाजत राहते. त्याच वेळी घरात धावपळ चालते ती टूथपेस्ट, शाई, हळद, नाहीतर शेण शोधायची. पाण्याचा माठ शेजारीच असतो, त्याला कोणी हात लावत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये 2,495 भाजलेल्या मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. 2020 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: भाजल्यापासून 3 तासांच्या आत ज्यांना 20 मिनिटं वाहतं थंड पाणी मिळालं, त्यांच्यात त्वचारोपणाची वेळ येण्याची शक्यता 40 टक्क्यांहून अधिक घटली. 3 तास! म्हणजे गावात कोणी पाणी ओतलं नसेल, तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचल्यावर ओतता येतं. इतका फरक पाडणारं मलम मला तरी माहीत नाही.

"नळ नाही ना डॉक्टर," असं तुम्ही म्हणाल. हातपंपाचं पाणी आणा, तांब्याने हळूहळू ओता. पाणी कमी असेल तर ओलं कापड ठेवा आणि सारखं बदलत राहा. बर्फ नको. बांगड्या, अंगठी सूज चढण्याआधी काढा. भाजलेला भाग मोठा असेल तर बाकीचं अंग झाकून ठेवा, नाहीतर लहान पोर गारठतं. मग स्वच्छ कापडात गुंडाळून 108 ला फोन करा.

आता आमच्या जमातीकडे वळतो. भाजलेला रुग्ण आला की बहुतेक डॉक्टरांचा हात सिल्व्हर सल्फाडायझिनच्या पांढऱ्या क्रीमकडे जातो. भाजण्याच्या ड्रेसिंगवरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेनच्या 2013 च्या आढाव्यात या क्रीमच्या जखमा इतर ड्रेसिंगपेक्षा सावकाश भरताना दिसल्या. शिवाय पांढऱ्या थराखाली जखम किती खोल आहे ते दिसत नाही. पुढच्या रुग्णालयात तो थर आधी खरवडून काढावा लागतो, आणि रुग्ण ओरडतो तो तिथे.

भारी ड्रेसिंग परवडत नाही, ही सबबही मला पटत नाही. मुंबईच्या वाडिया रुग्णालयात डॉ. केसवानी यांनी 1980 च्या दशकात उकडलेल्या बटाट्याच्या सालींचं ड्रेसिंग वापरलं. शीवच्या रुग्णालयातल्या डॉ. माधुरी गोरे यांनी केळीचं पान निर्जंतुक करून वापरलं. अर्धवट खोल जखमांवर ते बटाट्याच्या सालीइतकंच उपयोगी ठरलं आणि स्वस्तही पडलं. तो अभ्यास 2003 सालचा. सोलापूरच्या डॉ. सुब्रह्मण्यम यांनी 1991 मध्ये वरवरच्या जखमांवर मध आणि हीच पांढरी क्रीम यांची तुलना केली, आणि मध सरस ठरला. आपल्याच राज्यातलं हे काम आपल्याच जंगलपट्ट्यात मला कुठे वापरात दिसलं नाही. केळी परसात आहे, मध जंगलात आहे. (म्हणून घरी मध फासू नका. हे ड्रेसिंग दवाखान्यात, जखम नीट धुतल्यावर करायचं असतं.)

खोल भाजलेल्याला नागपूर गाठावंच लागतं, आणि भामरागडहून ते अंतर किती हे तिथल्या लोकांना मी सांगायला नको. पण नागपूरहून परतल्यावर जे बिघडतं त्याला अंतर जबाबदार नाही. कोपर दुमडून ठेवलं की दुखत नाही, म्हणून रुग्ण ते तसंच ठेवतो. कातडी तशीच आखडते आणि हात कायमचा वाकडा होतो. मान भाजली असेल तर डोक्याखालची उशी काढायची असते. यासाठी यंत्र लागत नाही. हात सरळ ठेवायला फळीचा आधार आणि रोजचा व्यायाम पुरतो, तोही जखम भरायची वाट न पाहता सुरू करायचा. तरीही माझ्यासमोर येणाऱ्या कितीतरी डिस्चार्ज कार्डांवर गोळ्यांची नावं असतात आणि व्यायामाची एक ओळही नसते. सुट्टी घेताना ती ओळ मागून घ्या, आणि डॉक्टर घाईत असतील तरी थांबून मागा.