पलायनानंतरचा संसार

जबलपूरच्या एम्पायर चित्रपटगृहाचा विषय निघाला की त्याचे एके काळचे मालक प्रेमनाथ यांची आठवण होते, आणि त्यांच्यामागोमाग ‘बॉबी’ची (१९७३). राज कपूर यांच्या त्या चित्रपटात प्रेमनाथ नायिकेचे कोळी वडील झाले होते. पुढे नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’मध्ये (२०१६) मासेमारी करणाऱ्या घरातला मुलगा पाटलाच्या मुलीला घेऊन पळाला. या दोन्ही कथांचे बीज एकच, असे सहज म्हटले जाते. ते मत मला मान्य करता येत नाही.

‘बॉबी’त मुख्यतः श्रीमंती आड येते. प्रेमिक पाण्यात उडी घेतात, दोघांचे वडील एकमेकांच्या मुलांना वाचवतात आणि वैर संपते. संपत्तीचा अहंकार पश्चात्तापाने विरघळतो, ही त्या कथेची श्रद्धा आहे. मन्सूर खान यांच्या ‘कयामत से कयामत तक’चा (१९८८) शेवट मृत्यूत होतो, परंतु डोंगरावरच्या पडक्या वास्तूतला तो संसार भातुकलीचाच राहतो. दोन्हीकडे पलायन म्हणजे समाज मागे टाकून निसर्गाच्या आश्रयाला जाणे होय.

‘सैराट’मधील आर्ची आणि परश्या हैदराबादच्या झोपडवस्तीत येऊन पोचतात. आडनाव आणि बोली यांवरून जात ओळखली जाते अशा मुलखातून सुटण्यासाठी त्यांना परक्या भाषेचा आसरा घ्यावा लागतो, ही गोष्ट भारतीय भाषांच्या अभ्यासकांनी विशेष ध्यानात घ्यावी. तेथे आर्ची कारखान्यात राबते, परश्या डोसे घालतो. मग संशय शिरतो, हात उगारला जातो. ती निघून जाते आणि परत येते. गाव सोडलेल्या मुलाला नवरेपणाचा जुना हक्क मात्र सोडवत नाही. आधीच्या दोन कथांना या प्रश्नापर्यंत पोचावेच लागले नव्हते.

‘धडक’ (२०१८) या हिंदी रूपांतरात ही जोडी उदयपूरहून कोलकात्यास जाते आणि जातीचा उच्चार पुसट होतो. शेवटी नवरा व मूल मारले जातात, मुलगी उरते. ‘सैराट’मध्ये आईबाप जातात, रक्ताळलेल्या पावलांनी बाहेर पडणारे मूल उरते. मुलगी उरली की कथा शोकापाशी थांबते. मूल उरले की त्याची जात कोणती आणि त्याला वाढवणार कोण, हे प्रश्न प्रेक्षकाबरोबर घरी येतात. रूपांतरात हरवले ते हे प्रश्न. केवळ बोली हरवली असती, तर एवढी खंत वाटली नसती.